विल्ट चेंबरलेनचे आकडे: शंभर गुण, पन्नासची सरासरी आणि त्यावर नेहमी येणाऱ्या शंका

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या विक्रमांची यादी पहिल्यांदा वाचणाऱ्याला छापखान्याची चूक झाली असावी असं वाटतं. एका सामन्यात १०० गुण, हंगामभराची सरासरी ५०.४, एका सामन्यात ५५ रिबाउंड (म्हणजे शॉट चुकल्यावर परत येणारा चेंडू पकडणं), आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. त्या नावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

विल्ट चेंबरलेन कोण होता?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २१ ऑगस्ट १९३६ रोजी जन्मलेला, ७ फूट १ इंच उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वात उंच खेळाडू. ओव्हरब्रुक हायस्कूल, मग कॅन्सस विद्यापीठ, मग एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गमतीजमती करत खेळणाऱ्या फिरत्या संघाबरोबर, आणि १९५९ पासून एनबीए. आधी फिलाडेल्फिया वॉरियर्स (हा संघ १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला), जानेवारी १९६५ पासून फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, आणि १९६८ ते १९७३ लॉस एंजेलिस लेकर्स.

लोक त्याला 'विल्ट द स्टिल्ट' म्हणत. स्टिल्ट म्हणजे उंच चालण्यासाठी पायांना बांधायच्या काठ्या. हे नाव त्याला अजिबात आवडायचं नाही. 'बिग डिपर' मात्र चालायचं. दारातून जाताना त्याला वाकावं लागे, त्यावरून मित्रांनी ते पाडलं होतं, आणि इंग्रजीत सप्तर्षींनाही हेच नाव आहे.

कारकिर्दीचे एकूण आकडे किती?

नियमित हंगामातले १,०४५ सामने. ३१,४१९ गुण, म्हणजे सामन्यामागे ३०.१. रिबाउंड २३,९२४, सरासरी २२.९. असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटआधीचा पास, ४,६४३. सामन्यामागे मैदानावर ४५.८ मिनिटं. मैदानातून मारलेल्या शॉटपैकी ५४ टक्के आत, फ्री थ्रो (समोरच्याने नियम मोडला की मिळणारी मोकळी फेक) मात्र ५१.१ टक्के.

सर्वाधिक गुणांचा मान सलग ७ वेळा (१९६० ते १९६६), रिबाउंडचा ११ वेळा, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा म्हणजे एमव्हीपी पुरस्कार ४ वेळा. अजिंक्यपदं दोनच, १९६७ आणि १९७२. पुढचे अर्धे प्रश्न या 'दोनच'भोवती फिरतात.

पहिल्या वर्षापासूनच तो इतका भारी होता का?

हो. २४ ऑक्टोबर १९५९ ला न्यू यॉर्क निक्सविरुद्ध पदार्पण केलं आणि ४३ गुण, २८ रिबाउंड घेतले. त्या पहिल्याच हंगामात सरासरी ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड. वर्षातला सर्वोत्तम नवोदित आणि एमव्हीपी, दोन्ही पुरस्कार एकदमच. दुसऱ्या वर्षी ३,०३३ गुण. एका हंगामात तीन हजारांचा टप्पा त्याआधी कोणी ओलांडला नव्हता.

१०० गुणांचा सामना खरंच झाला होता का? व्हिडिओ तर कुठेच नाही.

झाला होता. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. हे गाव चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. वॉरियर्स आपले काही 'घरचे' सामने तिथल्या स्पोर्ट्स अरीनात खेळत, तेवढाच नवा प्रेक्षक मिळावा म्हणून. त्या रात्री ४,१२४ प्रेक्षक होते आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा एकही नव्हता. हंगाम संपत आलेला, समोर तळातला निक्सचा संघ, शुक्रवारची रात्र. कॅमेरा येणार कशाला?

पण अधिकृत स्कोअरशीट आहे, खेळाडूंनी आणि पत्रकारांनी केलेली वर्णनं आहेत, आणि चौथ्या क्वार्टरचं (म्हणजे शेवटच्या १२ मिनिटांचं) बिल कॅम्पबेल यांनी केलेलं रेडिओ समालोचनही जपलेलं आहे. 'चित्रफीत नाही म्हणजे घडलंच नाही' हा न्याय लावला, तर पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काढलेल्या नाबाद ४४३ धावाही खोट्या ठरवाव्या लागतील.

त्या रात्री गुण कसे कसे जमत गेले?

पहिल्या क्वार्टरमध्ये २३, दुसऱ्यात १८. म्हणजे हाफ टाइमला ४१. विल्टच्या त्या वर्षीच्या हिशेबाने यात विशेष काही नव्हतं. तिसऱ्यात २८ आले आणि आकडा ६९ वर गेला, तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू झाली. चौथ्यात ध्वनिक्षेपकावरून डेव्ह झिंकॉफ प्रत्येक बास्केटनंतर विल्टची बेरीज जाहीर करू लागले आणि प्रेक्षक 'विल्टला द्या, विल्टला द्या' असं ओरडू लागले. शेवटच्या १२ मिनिटांत ३१ गुण. शंभरावा गुण आला तेव्हा घड्याळात ४६ सेकंद उरले होते. प्रेक्षक थेट मैदानात घुसले.

एकूण ६३ शॉट, त्यातले ३६ आत. ३२ फ्री थ्रो, त्यातले २८ आत. शिवाय २५ रिबाउंड. सामना वॉरियर्सने १६९-१४७ असा जिंकला. गाय रॉजर्सच्या नावावर २० असिस्ट होते. शेवटच्या बास्केटचा पास मात्र जो रुक्लिकचा. बाकीचे नाचत असताना हा गडी स्कोअररच्या टेबलाकडे धावला, आपला असिस्ट नीट लिहिला जातोय ना हे पाहायला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडतो तो हा माणूस.

निक्सच्या संघात त्या दिवशी सेंटरच नव्हता म्हणे?

अर्धं खरं. त्यांचा नेहमीचा सेंटर फिल जॉर्डन त्या रात्री खेळला नाही. त्याच्या जागी आलेला डॅरल इमहॉफ २० मिनिटं खेळून सहा फाउल (नियमबाह्य अडवणूक) झाल्यामुळे बाहेर गेला, आणि मग विल्टपुढे मापाने पुरेसा माणूसच उरला नाही. पण समोर चांगले, धडधाकट सेंटर असतानाही विल्टने त्याच हंगामात ७८ आणि ७३ गुण केलेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

मग तो विक्रम ओढूनताणून केलेला म्हणायचा का?

शेवटची काही मिनिटं, हो. सामन्याचा निकाल कधीच लागला होता आणि दोन्ही संघ वेगळाच खेळ खेळत होते. विल्टकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्स वॉरियर्सच्या इतर खेळाडूंना मुद्दाम फाउल करत होते. त्यावर वॉरियर्सनेही उलट फाउल करायला सुरुवात केली, म्हणजे चेंडू पुन्हा आपल्याकडे यावा. निक्सच्या खेळाडूंना ही थट्टा वाटली आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. तरी ते मैदानात राहिले. वर निंबाळकरांचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो: ब्रॅडमनच्या ४५२ ला ते नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला होता. त्या मानाने निक्सने विल्टवर उपकारच केले.

गंमत म्हणजे सामना आटोपल्यावर विल्ट निक्सच्या खेळाडूंबरोबरच गाडीतून न्यू यॉर्कला परतला. तो तेव्हा तिथेच राहत होता.

एका हंगामात ५०.४ ची सरासरी माणसाला कशी जमते?

१९६१-६२ चा तो हंगाम: ८० सामने, ४,०२९ गुण. यातल्या ४५ सामन्यांत पन्नास किंवा त्याहून जास्त. हे समजायचं तर त्या काळचा खेळ डोळ्यासमोर आणावा लागतो.

खेळ प्रचंड वेगवान होता आणि नेमबाजी आजच्या मानाने कच्ची. संघ सामन्यात शंभराहून जास्त शॉट मारत. आज हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. शॉट जास्त, त्यातले चुकणारे जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. लीगमधल्या संघांची गुणांची सरासरीच ११८.८ होती. त्याच हंगामात वॉल्ट बेलामीची सरासरी ३१.६, बॉब पेटिटची ३१.१, जेरी वेस्ट आणि ऑस्कर रॉबर्टसनची प्रत्येकी ३०.८. लष्करी सेवेमुळे जेमतेम ४८ सामने खेळू शकलेल्या एल्जिन बेलरची ३८.३. थोडक्यात, तो हंगामच गुणांच्या पुराचा होता.

पण पूर सगळ्यांनाच आला होता, आणि तरी विल्ट दुसऱ्या कोणाहूनही बारा गुणांनी वर आहे. तो सामन्यामागे जवळजवळ चाळीस शॉट मारायचा. प्रशिक्षक फ्रँक मॅकग्वायर यांची योजनाच ती होती: चेंडू विल्टकडे द्या. वेगाचा हिशेब घालून आकडे कितीही खाली आणा, तो त्या वर्षी पहिलाच राहतो. फक्त पन्नासचा तीस-पस्तीस होतो. मला हे भाषांतर मान्य आहे. मात्र 'तेव्हा सगळेच बुटके होते' हे म्हणणं मान्य नाही. बेलामी ६ फूट ११ इंच होता, बॉस्टनचा सेंटर बिल रसेल ६ फूट १० इंच.

सामना ४८ मिनिटांचा, मग सरासरी ४८.५ मिनिटं कशी?

ओव्हरटाइममुळे, म्हणजे बरोबरी झाल्यावर खेळल्या जाणाऱ्या जादा वेळामुळे. आणि माझ्या मते खरा अबाधित विक्रम हा आहे, शंभर गुणांचा नव्हे. त्या हंगामात वॉरियर्सचे ८० सामने आणि १० ओव्हरटाइम धरून खेळाची एकूण ३,८९० मिनिटं झाली. विल्ट ३,८८२ मिनिटं मैदानात होता. उरलेली आठ मिनिटं? लेकर्सविरुद्धच्या एका सामन्यात पंचांशी हुज्जत घातल्यामुळे त्याला बाहेर काढलं होतं. नाहीतर तीही खेळला असता.

आज एखादा खेळाडू ३८ मिनिटं खेळला तर प्रशिक्षकाला प्रश्न विचारतात, आणि तारांकित खेळाडूंना विश्रांतीसाठी आख्खा सामना बसवतात. शंभर गुण कोणी तरी, कधी तरी, एका वेड्या रात्री करेलही. तीन गुणांचा शॉट आहे, ओव्हरटाइम आहे. कोबी ब्रायंटने २२ जानेवारी २००६ ला टोरांटोविरुद्ध ८१ केलेच होते. पण हंगामभर फक्त आठ मिनिटं बाकावर बसणारा खेळाडू आता कोणताही संघ होऊ देणार नाही.

इतकं करून त्या वर्षी एमव्हीपी तो नव्हता?

नव्हता. बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल होता. तेव्हा हा पुरस्कार खेळाडूंच्या मतांवर ठरे, आणि सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते, वॉरियर्सने ४९. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, दोघं समोरासमोर आले, मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि शेवटच्या क्षणी सॅम जोन्सच्या शॉटवर बॉस्टन १०९-१०७ असं जिंकलं. पन्नासची सरासरी असलेला माणूस त्या सामन्यात २२ वर थांबला.

रसेलपुढे तो नेहमी हरायचा का?

प्लेऑफच्या मालिकांपुरतं बोलायचं तर जवळजवळ. आठ मालिका, त्यातल्या सात रसेलच्या. दोघं सगळे मिळून १४० हून जास्त वेळा भिडले. त्यात विल्टची सरासरी २८.७ गुण आणि २८.७ रिबाउंड, रसेलची १४.५ आणि २३.७. कागदावर एकतर्फी, आणि अजिंक्यपदं मोजली तर रसेल ११, विल्ट २. बास्केटबॉलच्या कट्ट्यावर यावर साठ वर्षं वाद चालू आहे.

माझं मत: बॉस्टनचा संघ जास्त चांगला होता हे खरं, पण तेवढ्याने सुटका होत नाही. रसेल जे करायचा ते बाकीच्या चौघांना मोकळं करायचं. विल्ट जे करायचा त्यात बाकीचे चौघे बऱ्याचदा प्रेक्षक व्हायचे. तो वाईट सहकारी होता असं नाही. सगळा भार त्याच्यावर टाकणं सोपं होतं, आणि संघ ते टाकत राहिले. स्वतः दोघं चांगले मित्र होते, मधली काही वर्षं अबोला असला तरी. १९६५ मध्ये विल्टला वर्षाला १,००,००० डॉलरचा करार मिळाला, तेव्हा रसेलने आपल्यासाठी १,००,००१ मागून घेतले.

१९६६ नंतर त्याची सरासरी इतकी का घसरली? वय?

तीस वर्षांचा होता, पण कारण वय नव्हतं. सेव्हन्टीसिक्सर्सचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी करून पास द्यायला पटवलं. आदल्या हंगामात तो सामन्यामागे २५ शॉट मारत होता, १९६६-६७ मध्ये १४. गुण ३३.५ वरून २४.१ वर आले, असिस्ट ७.८ वर गेले, आणि शॉट आत जाण्याचं प्रमाण ६८.३ टक्क्यांवर पोहोचलं. त्या फेब्रुवारीत त्याने सलग ३५ शॉट एकही न चुकता मारले. संघाने ६८ सामने जिंकले, १३ हरले. सलग आठ वेळा अजिंक्य ठरलेल्या बॉस्टनला प्लेऑफमध्ये ४-१ ने हरवलं आणि अंतिम फेरीत विल्टच्याच जुन्या वॉरियर्सला.

म्हणजे गुणांचा आलेख खाली आणि विजयाचा वर. ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वात बोलकी ओळ आहे, आणि ती विक्रमांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

पुढच्या वर्षी त्याला आणखी एक लहर आली: सेंटर असून असिस्टमध्ये पहिला यायचं. आला. ७०२ असिस्ट. तेव्हा क्रमवारी सरासरीवर नव्हे, एकूण आकड्यावर लागायची. सरासरीत दुखापतीमुळे कमी सामने खेळलेला ऑस्कर रॉबर्टसन पुढे होता. त्याच हंगामात २ फेब्रुवारी १९६८ ला डेट्रॉइटविरुद्ध विल्टने २२ गुण, २५ रिबाउंड, २१ असिस्ट घेतले.

फ्री थ्रो इतके वाईट का?

हे त्याचं दुखणं होतं. पंधरा फुटांवरून, कोणी अडवणारं नसताना, ११,८६२ वेळा फेकायला मिळालं आणि ६,०५७ वेळा आत गेलं. १९६७-६८ मध्ये प्रमाण ३८ टक्के होतं.

उपाय सापडला होता. १९६१-६२ मध्ये तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून चेंडू उचलून टाकायचा. त्या वर्षी ६१.३ टक्के, त्याच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम. शंभर गुणांच्या रात्री ३२ पैकी २८ याच पद्धतीने गेले. मग त्याने ती सोडली. खालून टाकताना आपण बायकी दिसतो असं वाटायचं, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. रिक बॅरी आयुष्यभर खालून टाकत राहिला आणि ९० टक्क्यांच्या आसपास राहिला. पण लोक काय म्हणतील या भीतीपुढे सात फुटांचा माणूसही टिकला नाही.

मायकल जॉर्डन आणि विल्ट, दोघांचीही सरासरी ३०.१ दाखवतात. पुढे कोण?

जॉर्डन, केसाच्या अंतराने. ३०.१२ विरुद्ध ३०.०७. हिशेब केला तर विल्टला एकूण ६० गुण जास्त हवे होते. त्याने चुकवलेले फ्री थ्रो ५,८०५ आहेत. आयुष्यभर ६१.३ टक्क्यांनी टाकले असते तर त्याची सरासरी ३१.२ झाली असती. खालून टाकत राहिला असता तर… असो.

एका सामन्यात ५५ रिबाउंड कोणाविरुद्ध?

२४ नोव्हेंबर १९६०, आणि समोर साक्षात बिल रसेल. सामना बॉस्टननेच जिंकला. विल्टच्या नशिबाचा याहून छोटा सारांश सापडणार नाही.

त्याचे ब्लॉक किती?

अधिकृत आकडा शून्य, कारण एनबीएने ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, आणि विल्ट खेळला १९७३ पर्यंत. तीन गुणांचा शॉट तर १९७९ मध्ये आला, पण त्याच्याशी विल्टला काही देणंघेणं नव्हतं.

त्याला रोखायला नियम बदलले, हे कितपत खरं?

बऱ्यापैकी. कॉलेजात असताना तो फ्री थ्रोच्या रेषेवरून उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबू शकायचा असं सांगतात. फ्री थ्रो घेताना रेषा ओलांडायची नाही आणि बाजूबाहेरून चेंडू बॅकबोर्डच्या (बास्केटमागच्या फळीच्या) वरून आत टाकायचा नाही, हे कॉलेजचे नियम त्याच्या काळातले. एनबीएने १९६४ मध्ये बास्केटसमोरचा पट्टा १२ फुटांवरून १६ फूट केला, म्हणजे उंच माणसाला बास्केटच्या जवळ ठाण मांडता येऊ नये. विल्टची सरासरी ३६.९ वरून ३४.७ झाली. पहिला तोच राहिला.

तो कधीच फाउल आउट झाला नाही, हे खरं?

खरं. १,०४५ नियमित आणि १६० प्लेऑफ सामन्यांत एकदाही नाही. टीकाकार म्हणतात, या विक्रमाच्या हौसेपायी चार-पाच फाउल झाले की तो हात आखडता घ्यायचा. यात तथ्य असावं असं मलाही वाटतं.

प्लेऑफमध्ये तो ढेपाळायचा का?

सरासरी ३०.१ वरून २२.५ झालेली दिसते आणि लोक लगेच निष्कर्ष काढतात. पण त्याचे बरेचसे प्लेऑफ सामने लेकर्सच्या दिवसांतले आहेत, जेव्हा तो नियमित हंगामातही कमीच शॉट मारायचा. रिबाउंड प्लेऑफमध्ये उलट वाढले: २४.५. १९७१-७२ मध्ये लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले, हंगाम ६९-१३ असा संपवला आणि निक्सला हरवून अजिंक्यपद घेतलं. शेवटच्या सामन्यात हात दुखावलेला असताना विल्टने २४ गुण आणि २९ रिबाउंड घेतले.

एकूण गुणांचा त्याचा विक्रम कोणी मोडला?

करीम अब्दुल-जब्बारने, ५ एप्रिल १९८४ ला, लास व्हेगासमध्ये युटाविरुद्ध, मॅजिक जॉन्सनच्या पासवर, आपल्या लाडक्या स्काय हुकने, म्हणजे एका हाताने डोक्यावरून मारायच्या शॉटने. करीम पुढे ३८,३८७ वर थांबला. तोही टप्पा ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉन जेम्सने ओलांडला.

'१००' लिहिलेला कागद हातात धरलेला तो फोटो कुठला?

सामन्यानंतर ड्रेसिंग रूममधला. छायाचित्रकार पॉल व्हॅथिस त्या रात्री कामावर नव्हते, मुलाला सामना दाखवायला घेऊन आले होते. रंग पाहून ते गाडीतून कॅमेरा घेऊन आले. संघाचे आकडेतज्ज्ञ हार्वे पोलॅक त्या वेळी एकाच माणसाने चार माणसांची कामं करत वृत्तपत्रांना बातम्या पाठवत होते. त्यांनी एका कागदावर घाईघाईने १०० लिहिलं आणि विल्टच्या हातात दिलं. विल्ट बाकावर बसून, किंचित संकोचल्यासारखा, तो कागद धरून कॅमेऱ्याकडे पाहतो आहे.